झोळीतली निवडणूक

गेल्या काही आठवड्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांत एक विषय सारखा डोकावत होता: कामगारांच्या आणि भाडेकरूंच्या प्रश्नांवर लढणारा समाजवादी उमेदवार, हाताशी पैसा नसताना, प्रचार चालवणार कसा? एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. निवडणुकीचे कायदे देशागणिक बदलतात. उदाहरणातला मतदारसंघ कल्पित आहे. त्याच्या जागी आपले आकडे टाकून गणित पुन्हा मांडावं.

प्रश्न: आमच्या गटात वीसेक जण आहेत. उत्साह भरपूर आहे. उमेदवार उभा करावा की नाही, हे कशावरून ठरवायचं?

तासांवरून. उत्साह मोजता येत नाही, तास मोजता येतात. श्रीमंत उमेदवार पैसे मोजून उभा राहतो, तुम्ही माणसांचे तास मोजून उभे राहा. त्या तासांचा हिशेब मात्र पैशाच्या हिशेबाइतकाच काटेकोर लागतो, आणि बहुतेक गटांचं पाऊल नेमकं इथेच चुकतं.

समजा २०,००० मतदार आहेत. मागच्या दोन-तीन निवडणुकांतल्या मतदानाची टक्केवारी काढा. ती ५५ असेल तर ११,००० मतं पडतील. तीन तगडे उमेदवार असतील तर जिंकणाऱ्याला ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४,६०० च्या पुढे मतं लागतील. थोडी सवड ठेवून ४,८०० हे लक्ष्य धरा. यातली निदान निम्मी, २,४०० मतं कुणाची, हे मतदानाच्या आधी नावानिशी माहीत हवं. दारात ‘हो’ म्हणणाऱ्या चौघांतला एक तरी गळतो, म्हणून वहीत ३,२०० नावं जमली पाहिजेत.

आता दारं मोजा. घरटी साडेतीन मतदार धरले तर ५,७०० घरं होतात. दोघांची जोडी तासाला १२ दारं करते. त्यातली निम्मी बंद असतात. पहिली फेरी ४७५ जोडी-तासांची. उरलेल्या २,८५० बंद घरांची दुसरी फेरी थोडी भरभर होते, तासाला १५ धरा, म्हणजे आणखी १९०. एकूण ६६५ जोडी-तास, म्हणजे १,३३० माणसांचे तास. तीन तासांच्या पाळीत प्रत्यक्ष दारावर अडीच तासच मिळतात, बाकीचे याद्या वाटण्यात आणि चालण्यात जातात. आठ आठवडे, आठवड्याला एक पाळी असं धरलं तर ६७ माणसं लागतात, आणि तीही एकही पाळी न चुकवणारी. येतो म्हणणाऱ्यांपैकी साधारण निम्मेच येतात. म्हणजे यादीवर १३० नावं हवीत.

तुमच्याकडे वीस आहेत. ते सगळे नेमाने आले तरी ४०० माणूस-तास होतात, म्हणजे कामाच्या तीस टक्के. मग तीन वाटा उरतात: छोटा मतदारसंघ निवडा, प्रचार दोन महिन्यांऐवजी सहा महिने आधी सुरू करा, किंवा या खेपेला लढू नका आणि एका प्रश्नावर वर्षभर काम करून माणसं जोडा. तिसरी वाट कमीपणाची नाही. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांना हरवलं, तेव्हा त्यांच्यामागे शहरातल्या कामगार संघटनांची कित्येक वर्षांची बांधणी होती. ती आठ आठवड्यांत उभी झालेली नव्हती.

आणि एक. मतं थोडीच कमी पडतील असं वाटत असेल तर लहान फरकांकडे तुच्छतेने पाहू नका. १९८१ साली अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहराच्या महापौरपदाची निवडणूक बर्नी सँडर्स फेरमोजणीनंतर १० मतांनी जिंकले. दहा मतं म्हणजे एका जोडीची एक चांगली संध्याकाळ.

प्रश्न: ‘समाजवाद’ हा शब्द दारात उच्चारायचा की नाही?

लपवू नका, पण त्याने सुरुवातही करू नका. सुरुवात मागणीने करावी. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात समाजवादी महापौर १९१० मध्ये पहिल्यांदा निवडून आला (एमिल सायडेल). पुढे डॅनियल होन १९१६ ते १९४० आणि फ्रँक झाइडलर १९४८ ते १९६० अशी दीर्घ कारकीर्द झाली. सांडपाणी, स्वच्छ पाणी, बागा आणि भ्रष्टाचाररहित कारभार हेच त्यांचं भांडवल. पक्षातल्याच लोकांनी त्यांना ‘गटार-समाजवादी’ म्हणून हिणवलं, आणि त्यांनी ते नाव मिरवलं. गोरेगावात मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं तेही याच वळणाचं. लोकांनी दिलेलं असं एक टोपणनाव छापून घेतलेल्या हजार फलकांना भारी पडतं.

मागण्या तीन ठेवा. चौथी दारात कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक मागणीला चार प्रश्न विचारा: कुणाला काय मिळणार, कधी मिळणार, पैसा कुठून येणार, आणि ज्या पदासाठी उभे आहोत त्या पदाच्या हातात ते आहे का? शेवटचा प्रश्न टाळणारे जाहीर सभेत उघडे पडतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी झोहरान ममदानी यांनी भाडेवाढ थांबवणं, मोफत बस आणि सर्वांसाठी बालसंगोपन या मागण्या सतत घोळवल्या. भाड्याची मागणी भक्कम होती, कारण नियंत्रित भाड्याच्या घरांचे दर ठरवणाऱ्या मंडळावर सदस्य नेमण्याचा अधिकार महापौराकडे आहे. बसची बाजू त्यामानाने लंगडी, कारण बससेवा राज्याच्या अखत्यारीतल्या प्राधिकरणाकडे आहे, आणि विरोधकांनी बोट ठेवलं ते तिथेच. मागणी सोडायची गरज नसते. ‘हे माझ्या एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी अमुक ठिकाणी लढावं लागेल’ हे आधीच आपणहून सांगायची असते.

प्रश्न: दारोदार फिरताना नेमकं काय बोलायचं? नवे कार्यकर्ते गांगरतात, जुने वाद घालत बसतात.

दोन्ही रोगांचं मूळ एक आहे. दारात कशासाठी गेलो हे दोघांनाही स्पष्ट नसतं. दारात जायचं ते कुणाला हरवायला नाही, माहिती आणायला.

यावर अभ्यासही झाले आहेत. १९९८ मध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये सुमारे ३०,००० मतदारांवर प्रयोग केला. समोरासमोर भेटलेल्या मतदारांचं मतदान ठळकपणे वाढलं, टपालाने किंचित वाढलं, फोनने वाढलंच नाही. पुढे २०१८ मध्ये जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी असे ४९ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा ऐन सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर मतदाराचं मत फिरवण्यातला प्रचाराचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. दोन्ही एकत्र वाचलं की कामाची दिशा कळते: आपल्या बाजूचे आणि काठावरचे शोधा, त्यांना मतदानाला न्या. पक्क्या विरोधकाशी पंधरा मिनिटं घातलेली वाया जातात, आणि तेवढ्यात तीन दारं हुकतात.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. नाव सांगा, कुणाकडून आलो ते सांगा, आणि लगेच एक प्रश्न विचारा: ‘या भागात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ मग गप्प बसा. हे गप्प बसणंच नव्यांना जड जातं, म्हणून निघण्यापूर्वी एकमेकांवर दहा मिनिटं सराव करून घ्या. उत्तर ऐकलं की आपल्या तीनपैकी जी मागणी त्याला जुळते तेवढीच सांगा. तिन्ही सांगू नका. शेवटी सरळ विचारा: ‘आमच्या उमेदवाराला मत द्याल का?’ पुष्कळ कार्यकर्ते हे विचारतच नाहीत, संकोच वाटतो. मग वहीत अंदाज लिहिला जातो आणि मतदानाच्या दिवशी विरोधकांच्या माणसांना आपणच उठवून केंद्रावर पाठवतो.

उत्तराची खूण एक ते पाच अशी करा. १ पक्का, २ झुकलेला, ३ ठरलेलं नाही, ४ दुसरीकडे झुकलेला, ५ पक्का विरोधक. ‘बघू’, ‘सगळेच चांगले’, ‘तुम्ही काम चांगलं करता’ ही सगळी उत्तरं ३ आहेत. शिष्टाचाराला होकार समजू नका. कुठल्याही जोडीच्या वहीत निम्म्याहून जास्त १ दिसले तर समजा खुणा उदार हाताने पडल्यात. त्यातली दहा घरं दुसऱ्या जोडीकडून तपासून घ्या. खूण फक्त ज्याच्याशी बोललात त्याच्या नावापुढे. बापाने होकार दिला म्हणून मुलीच्या आणि सुनेच्या नावापुढे १ लिहिणं हा घोर गैरसमज आहे, आणि समाजवादी म्हणवणाऱ्यांना तर अजिबात शोभत नाही.

खूण दार बंद झाल्यावर, दोन पावलं पुढे जाऊन करा. समोर उभं राहून लिहिलेलं कुणाला आवडत नाही.

जोडीच्या पिशवीत: कडक पाठीचा लिहायचा बोर्ड, त्या गल्लीचीच यादी (अख्खी मतदारयादी नव्हे), दोन पेनं, ६० पत्रकं, बंद घरांसाठी हाताने ‘येऊन गेलो, परत येतो’ लिहिलेल्या ३० चिठ्ठ्या, आणि स्वयंसेवक व्हायला तयार असणाऱ्यांसाठी कोरा कागद. इमारतीत वरून खाली या. शेवटच्या मजल्यापर्यंत चढायचा कंटाळा येतो आणि वरची घरं कायम राहून जातात. अंधार पडल्यावर, जेवणाच्या वेळी आणि कामगार वस्तीत पाळी बदलण्याच्या वेळी दारं वाजवू नका. पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहणं मात्र वेगळं. तिथे एका तासात शेकडो हातांत पत्रक जातं, पण खूण एकही मिळत नाही. दोन्ही कामांची गल्लत करू नये.

प्रश्न: पत्रक किती, कसं आणि किती वेळा छापायचं? छापखान्यातच सगळा पैसा जातो.

जातो, कारण मतदार मोजून छापलं जातं. घरं मोजून छापा. ५,७०० घरांना ६,३०० प्रती पुरतात, दहा टक्के फाटण्या-भिजण्याला. नाक्यावर आणि फाटकावर वाटायला वेगळं, अर्ध्या आकाराचं पत्रक काढा.

मुख्य पत्रक ए-५ आकाराचं, दोन्ही बाजूंनी, काळा आणि आणखी एक रंग. गुळगुळीत कागद घेऊ नका. महाग पडतो आणि ‘यांच्याकडे पैसा आहे’ असा उलटा निरोप जातो. मजकूर १५० शब्दांच्या आत, अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नको. म्हातारी माणसं मतदानाला जातात आणि त्यांना बारीक दिसत नाही. पुढच्या बाजूला एक मागणी मोठ्या अक्षरात. उमेदवाराचा फोटो लहान चालतो. निवडणूक चिन्ह लहान चालत नाही.

पैसे वाचवायला सगळं एकदम छापण्याचा मोह होतो आणि तोच नडतो. चिन्ह ठरायच्या आधी छापलेले गठ्ठे रद्दीत जातात. फोन क्रमांकातला एक आकडा चुकला तर सहा हजार ठिकाणी चुकतो. पहिली खेप एक तृतीयांश, पहिल्या आठवड्यात दारात काय विचारलं जातंय ते ऐकून मजकूर सुधारा, मग बाकीचं. छपाईला देण्यापूर्वी प्रूफ तिघांनी वाचावं आणि त्यातला एक मजकूर न लिहिलेला असावा. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घाला. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे ते बंधनकारक आहे, ब्रिटनमध्येही तसाच नियम आहे. गरीब प्रचारावर तक्रार करायला विरोधकांना एवढी एक ओळ राहून गेलेली पुरते.

मिलवॉकीच्या समाजवाद्यांचा एक जुना परिपाठ आजही उपयोगी आहे. त्यांचे कार्यकर्ते रविवारी सकाळी पत्रकांचे गठ्ठे घेऊन निघत आणि शहरभर दारोदार टाकत. कुठल्या घरात कुठली भाषा बोलतात हे त्यांना ठाऊक असे, त्यामुळे जर्मन घरात जर्मन आणि पोलिश घरात पोलिश पत्रक पडे. तुमच्या यादीत भाषेचा एक रकाना वाढवायला काहीच खर्च येत नाही.

प्रश्न: पैसा कुणाकडून घ्यायचा? एक हितचिंतक एकरकमी मोठी मदत द्यायला तयार आहेत.

मोठी मदत नाकारा असं सरसकट म्हणणार नाही, पण प्रचाराचा एक पंचमांशापेक्षा मोठा भाग कुणा एकाकडून येऊ देऊ नका. कारण नुसतं नीतीचं नाही. एकाच नळावर अवलंबून राहिलं की नळ बंद झाल्यावर घरात थेंब राहत नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षाने हे भोगलं. १९०९ च्या ऑस्बॉर्न निकालाने कामगार संघटनांना वर्गणीतून राजकीय खर्च करायला बंदी झाली आणि पक्षाची नाडीच आवळली गेली. १९११ मध्ये खासदारांना पगार सुरू झाला आणि १९१३ च्या कायद्याने स्वतंत्र राजकीय निधीची सोय झाली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

लहान देणगीचा खरा फायदा रकमेत नसतो. दहा जणांनी थोडं थोडं दिलं की दहा जण निकालाची वाट पाहतात. म्हणूनच भारतातल्या समाजवाद्यांची ‘एक नोट, एक मत’ ही घोषणा शहाणपणाची होती: आधी नोट मागा, मत तिच्या मागोमाग येतं. सभेत झोळी फिरवायची ती मुख्य वक्त्याच्या आधी, नंतर नाही. भाषण संपल्यावर लोक उठायला लागतात. झोळी दोघांनी फिरवावी, सभेतच दोघांनी मोजावी आणि आकडा व्यासपीठावरून जाहीर करावा.

पावतीपुस्तकावर क्रमांक छापलेले असू द्या. कुठलं पुस्तक कुणाकडे दिलं याची नोंद ठेवा आणि दर आठवड्याला पुस्तकं परत मागवा. हरवलेलं एक पावतीपुस्तक म्हणजे विरोधकांच्या हातात दिलेलं हत्यार. निनावी देणगी किती घेता येते, परदेशातून घेता येते का, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं लागतं का, हे पहिली झोळी फिरण्याआधी पाहा.

खर्चाची वाटणी म्हणाल तर साधारण निम्मा पैसा छपाईला, पाव भाग मतदानाचा दिवस आणि त्याआधीचे तीन दिवस यांना, बाकीच्या पावात प्रवास, फोन, माईक, चहापाणी. शेवटच्या आठवड्याचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवा आणि त्याला हात लावू नका. दर वेळी होतं काय, की चौथ्या आठवड्यात विरोधकांचे फलक झळकतात, कार्यकर्ते बावचळतात, ‘आपलाही एक मोठा फलक हवाच’ म्हणतात, आणि मतदानाच्या दिवशी पोलचिटा (मतदाराचं नाव, यादीतला क्रमांक आणि केंद्र लिहिलेल्या चिठ्ठ्या) छापायला पैसे नसतात. फलकामुळे मुख्यतः आपल्याच माणसांना बरं वाटतं.

कर्ज काढू नका. अनामत परत मिळेल हे उत्पन्नात धरू नका. भारतात वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर हरलेल्याची अनामत जप्त होते, ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत ही रेषा ५ टक्क्यांवर आहे.

प्रश्न: स्वयंसेवक एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांना ताटकळत ठेवलं असेल. नवा माणूस वेळेवर येतो, याद्या तयार नसतात, जुने लोक आपापसात बोलत बसतात, पाऊण तासाने कुणीतरी त्याच्या हातात गठ्ठा कोंबतं. परत का यावं त्याने? याद्या आणि पिशव्या आदल्या रात्री भरून ठेवा. नव्याला कायम जुन्याबरोबर पाठवा, दोन नव्यांची जोडी कधीच नको. पहिली पाच दारं जुन्याने बोलायचं, पुढची पाच नव्याने.

‘कधी येता येईल?’ असं मोघम विचारू नका. ‘शनिवारी पाच वाजता की रविवारी दहा वाजता?’ असं विचारा आणि परतताना पुढची पाळी ठरवूनच सोडा. आदल्या दिवशी फोन करा. निरोप टाकून भागत नाही. पाळी संपल्यावर पंधरा मिनिटं एकत्र बसा, काय ऐकलं ते सांगा. लोक त्या पंधरा मिनिटांसाठी परत येतात.

घरी लहान मूल आहे, पाय दुखतात, रात्रपाळी असते अशा माणसांना ‘जमेल तेव्हा या’ म्हणून वाटेला लावू नका. वहीतल्या खुणा संगणकात चढवणं, आठवणीचे फोन, भाषांतर, याद्यांचे गल्लीवार तुकडे करणं ही सगळी बसून करायची कामं आहेत आणि ती नेहमी तुंबलेली असतात. मुलं सांभाळायची सोय केली तर बायकांच्या पाळ्या भरतात. ही सोय नसलेल्या प्रचारात फक्त तरुण पुरुष दिसतात, आणि मतदारांनाही ते दिसतं.

प्रश्न: उमेदवारानेच प्रचाराची सूत्रं हाती घ्यावीत का?

नाही. उमेदवाराने माणसांना भेटावं. रोजचे निर्णय तिघांची समिती घेईल, पैशाची वही चौथ्याकडे राहील, आणि मोठे प्रश्न आठवड्याच्या बैठकीत येतील. बैठक सव्वा तासाच्या वर गेली की समजा प्रचार थांबला आणि चर्चा सुरू झाली. डाव्यांना हा आजार जुना आहे.

प्रश्न: निवडून आल्यावर आपला माणूस आपल्याला ओळखेनासा झाला तर?

उमेदवारी देण्यापूर्वी लेखी करार करा आणि तो जाहीर वाचून दाखवा. पगारातला किती भाग स्वतःकडे, किती संघटनेकडे. महिन्यातून किती वेळा मतदारांसमोर हिशेब. कुठल्या मुद्द्यांवर संघटनेला विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. परंपरा जुनी आहे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनने, म्हणजे पॅरिसमध्ये काही आठवडे टिकलेल्या क्रांतिकारी नगरसरकारने, आपल्या पदाधिकाऱ्यांच्या वार्षिक पगाराला ६,००० फ्रँकची कमाल मर्यादा घातली होती. ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्रीचे खासदार डेव्ह नेलिस्ट १९८३ ते १९९२ या काळात कुशल कामगाराच्या पगाराएवढंच स्वतःकडे ठेवत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या नगर परिषदेवर निवडून आलेल्या क्षमा सावंत यांनीही सरासरी कामगाराचं वेतन ठेवून बाकीचं चळवळींना दिलं.

न्यायालयात असा करार टिकेलच असं धरू नका. त्याची ताकद तो सगळ्यांना ठाऊक असण्यात आहे.

प्रश्न: समाजमाध्यमांवर किती जोर द्यावा?

व्हिडिओ लाखांनी पाहिला तर पहिला प्रश्न विचारा: त्यातले आपल्या मतदारसंघातले किती? महापालिकेच्या एका प्रभागापुरत्या निवडणुकीत बहुधा मूठभर. तरीही दोन कामांना माध्यम उत्तम आहे, स्वयंसेवक मिळवायला आणि लहान देणग्या मिळवायला. म्हणून प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी ‘मत द्या’ऐवजी ‘शनिवारी पाच वाजता अमुक ठिकाणी या’ असं म्हणा. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि आलेल्या शिव्यांना उत्तर देत बसायला त्याला मनाई करा.

प्रश्न: ‘तुम्ही उभे राहून मतं फोडता आणि सगळ्यात वाईट माणूस निवडून येतो’ या आरोपाला काय सांगायचं?

आरोप प्रत्येक वेळी खोटा नसतो, हे आधी मान्य करा. एकाच फेरीत सर्वाधिक मतवाला जिंकतो अशा पद्धतीत मतं फुटतातच. मागच्या तीन निवडणुकांचे केंद्रवार आकडे काढा. जिथे कुणा एकाला कायम साठ टक्के पडतात तिथे हा आरोप पोकळ आहे आणि ते आकडे दाखवून बोलता येतं. जिथे चुरस पाच टक्क्यांची आहे तिथे मित्रपक्षांशी आधी बोला. माघारीची मुदत संपल्यावर केलेल्या वाटाघाटी नुसत्या रुसव्याफुगव्याच्या ठरतात. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतात अशी पसंतीक्रमाची पद्धत असेल तर प्रश्नाचं रूपच बदलतं. २०२५ च्या न्यूयॉर्कमधल्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) ममदानी आणि ब्रॅड लँडर हे प्रतिस्पर्धी असूनही त्यांनी एकमेकांना पाठिंबा दिला, आणि दोघांच्याही मतदारांना ते समजलं.

प्रश्न: मतदानाच्या दिवशी कामाची आखणी कशी असावी? मागच्या वेळी दुपारपर्यंत सगळे दमले होते.

कारण सकाळपासून सगळे केंद्राबाहेर गर्दी करून उभे होते. त्या दिवशी केंद्राबाहेरची गर्दी निरुपयोगी असते. भारतात तर केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदीच आहे, आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभाही घेता येत नाही.

दर केंद्रामागे एक आत बसणारा प्रतिनिधी, त्याला सोडवायला एक, बाहेर टेबलावर एक, आणि गल्ल्यांत फिरायला दोन जोड्या. फिरणाऱ्यांच्या हातात फक्त १ आणि २ खुणांची यादी. ३ ला त्या दिवशी हात लावू नका. पहिली फेरी मतदान सुरू झाल्यावर तासाभराने, कामावर जाणाऱ्यांसाठी. दुसरी दुपारी, गृहिणी आणि वृद्धांसाठी. तिसरी शेवटच्या तीन तासांत, आणि निम्मी ताकद या फेरीसाठी राखा. टेबलावर येऊन गेलेल्यांची नावं यादीतून खोडत राहा, दर दोन तासांनी सुधारलेली यादी गल्लीत पोचवा. हे न केल्यास मत देऊन आलेल्या माणसाचं दार तीनदा वाजतं आणि न गेलेल्याचं एकदाही नाही.

मतदारांना गाडीतून नेण्याबद्दल नियम नीट वाचा. ब्रिटनमध्ये कार्यकर्ते आपल्या गाडीतून मतदारांना सर्रास नेतात. भारतात उमेदवाराने मतदारांसाठी वाहनं पुरवणं हे भ्रष्ट आचरणात मोडतं आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. पायी सोबत जायला मात्र पैसाही लागत नाही आणि परवानगीही.

आतल्या प्रतिनिधीने डबा, पाणी आणि कायद्याची दोन पानं बरोबर न्यावीत आणि शेवटपर्यंत जागा सोडू नये. भारतात मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, नमुना १७-सी, त्याला मिळतो. तो घेतल्याशिवाय बाहेर पडलेला प्रतिनिधी मतमोजणीच्या दिवशी काहीच पडताळू शकत नाही, कारण मोजणीच्या टेबलावर तपासायचा असतो तो हाच आकडा.

प्रश्न: निकालानंतर या सगळ्या वह्या आणि याद्यांचं काय करायचं?

हरलात तरी पहिल्या आठवड्यात दोन याद्यांवर फोन करा: देणगीदार आणि स्वयंसेवक. अमेरिकेतले समाजवादी नेते युजीन डेब्स यांना १९२० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढून नऊ लाखांहून जास्त मतं मिळाली. मतं आहेत म्हणून संघटना आपोआप टिकते असं नाही, त्यांच्या पक्षाला पुढची वर्षं ओहोटीचीच गेली. केंद्रवार मतं आणि आपल्या वहीतल्या खुणा शेजारीशेजारी मांडा. वहीत १ जास्त आणि पेटीत मतं कमी असं जिथे दिसेल, तिथे खुणा खोट्या होत्या किंवा तिसरी फेरी झाली नव्हती. कुठलं ते त्या जोडीला विचारल्यावर लगेच कळतं.

खुणा केलेल्या वह्या घरी नेऊ देऊ नका. कोण कुणाच्या बाजूचा, हे मालकाच्या किंवा घरमालकाच्या हाती पडलं तर नोकरी आणि छप्पर दोन्ही जाऊ शकतं. पुढच्या संपर्कासाठी ज्यांनी स्पष्ट होकार दिला त्यांची नावं वेगळी काढा, बाकीचे कागद दोघांच्या देखत फाडून नष्ट करा. आणि खर्चाचा हिशेब मुदतीत द्या. भारतात निकालापासून ३० दिवसांत तो सादर करावा लागतो, न दिल्यास आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. म्हणून मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी पावत्यांची पिशवी हिशेब ठेवणाऱ्याकडे जमा झाली पाहिजे. छापखान्याचं बिल तोवर आलं नसेल तर स्वतः जाऊन आणावं.